कल्हईखालचे पितळ

औशाच्या आमच्या जुन्या घरात, माळ्यावरच्या लाकडी संदुकीत, एक पितळी चरवी आहे. तिच्या गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे कोरली आहेत: देणाऱ्या मामाचे नाव, त्याचे गाव, ‘बारशाची भेट’ आणि शेवटी १९५१. लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर असे नाव घालण्याची रीत होती. त्यामुळे जुन्या घरातली मांडणी म्हणजे एक दप्तरच असे. कोणी कोणाला केव्हा काय दिले, ते सारे तिथे वाचायला मिळे. चरवीत डोकावले तर तळाशी कल्हईचे राखी पट्टे दिसतात आणि त्यांच्या मधून पिवळे पितळ. ज्या मुलाच्या बारशाला ती आली, ते माझ्या आजीचे दुसरे अपत्य. ते पावणेदोन वर्षांचे होऊन गेले. ‘लिव्हर झाले होते,’ एवढेच आजी सांगे. आमच्या भागात त्या काळी या इंग्रजी शब्दाचा अर्थ यकृत असा नव्हताच. लिव्हर हे लहान मुलांच्या एका आजाराचे नाव होते. आजच्या बालरोगतज्ज्ञाला तो आजार पाठ्यपुस्तकातच भेटतो. तो कोणी ओळखला, त्याचा शोध कोणाकोणाच्या हातांतून फिरला आणि तो कसा गेला, हे पाहायचे तर वैद्यकीय नियतकालिकांची सव्वाशे वर्षांची पाने उलटावी लागतात. पण वाट सुरू होते ती भांड्यापासून. म्हणून आपणही आधी भांड्याकडेच जाऊ.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. जस्त हा मोठा हट्टी धातू. भट्टीत तापवला की वाफ होऊन निसटतो. त्याला पकडून थंड करण्याची युक्ती राजस्थानातल्या जावरच्या कारागिरांनी मध्ययुगात साधली. साधारण तेराव्या शतकातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात जस्त काढण्याची कृती आहे, तसेच रीतिका आणि काकतुंडी असे पितळाचे दोन प्रकारही सांगितले आहेत. तांब्यापेक्षा स्वस्त, सोन्यासारखे दिसणारे आणि ठोकून वाटेल तो घाट घेणारे पितळ मग घराघरांत शिरले. औशाचा भुईकोट किल्ला बहमनी काळापासून निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा सत्ता बदलत गेला. खालच्या पेठेत मात्र कासार आणि तांबट यांचे ठोके तेच राहिले. घंगाळ, हंडा, कळशी, तपेले, चरवी, कासंडी, तांब्या, पळी अशी त्यांची सारी वंशावळ. ज्या ताटाला काठ उभा असे त्याला तर धातूवरूनच ‘पितळी’ म्हणत. मुलीला सासरी पाठवताना किती भांडी दिली यावरून घराची पत ठरे, आणि अडल्यानडल्याला सावकाराकडे गहाण पडत तीही हीच भांडी.

पण पितळेला एक खोड आहे, आणि ती आपल्या बायकांना शेकडो वर्षे ठाऊक होती. आंबट पदार्थ त्यात टिकत नाही. ताक ठेवले, चिंचेची आमटी उरली, की तासा-दोन तासांत तिला हिरवट झाक येते, तोंडात कडवट-तुरट चव रेंगाळते. याला मराठीत नेमका शब्द आहे: कळकणे. ‘ताक कळकले’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. ते ओतून दिले जाई. यावरचा उपाय म्हणजे कल्हई. हा शब्द अरबीतून आला. कथलाला अरबीत जे नाव आहे, त्याचा संबंध अभ्यासक मलाया द्वीपकल्पातल्या कलाह या जुन्या बंदराशी जोडतात. कथील तिकडून जहाजाने येई. म्हणजे औशाच्या गल्लीत ‘कल्हईऽऽ’ अशी आरोळी उठे, तेव्हा तिच्यात एका दूरच्या बंदराचे नावही घुमत असे. कल्हईवाला ओट्याशेजारी जमिनीत खड्डा करी, त्यात भात्याचे तोंड पुरी, कोळसा फुलवी. भांडे आधी राख-मातीने घासून चकचकीत करायचे, मग निखाऱ्यावर फिरवत लालबुंद व्हायच्या बेतात आणायचे. त्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठे, नाकात झिणझिण्या येत. लगेच कथलाची कांडी एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेला थेंब सगळीकडे फिरवायचा. पिवळे भांडे बघता बघता आतून चांदीचे होई. शेवटी ते पाण्यात बुडे आणि चर्र आवाज होई. त्या आवाजासाठी आम्ही पोरे तिथे तासभर बसलेली असू.

ही कल्हई काही महिन्यांनी झिजते आणि आतले पितळ दिसू लागते. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार त्याचाच. भाषेने त्याला ढोंग उघडकीस येण्याचा अर्थ दिला आणि कल्हईला उगाच दोषी ठरवले. स्वयंपाकघरात मात्र कल्हई काही लपवत नव्हती, ती राखण करत होती. आता एक बारकी गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढच्या साऱ्या कथेची किल्ली तिच्यात आहे. ताक कळकते, आमटी कळकते. दूध मात्र सहजी कळकत नाही. ते आंबट नाही, त्याची चव सांगण्याइतकी बदलत नाही. म्हणून कल्हई झिजलेले भांडे ताकाला नको असे म्हणणारी सुगरणही त्याच भांड्यात दूध तापवायला, ठेवायला कचरत नसे. जिभेचा पहारा जिथे होता तिथे घरे सावध राहिली. जिथे जीभ काही बोलत नव्हती तिथे दार उघडे राहिले.

आता आपण १८८७ साली कलकत्त्याला जाऊ. तिथल्या मेडिकल सोसायटीपुढे सेन नावाच्या डॉक्टरांनी लहान मुलांच्या यकृतवृद्धीविषयी निवेदन केले. या आजाराची आधुनिक वैद्यकातली पहिली नोंद म्हणून ते धरले जाते. चार वर्षांनी, १८९१ मध्ये, गिबन्स या इंग्रज डॉक्टरने त्याचे सविस्तर वर्णन छापले. दोघांनी पाहिलेले चित्र पुढच्या शंभर वर्षांत फारसे बदलले नाही. मूल सहा महिने ते तीन वर्षांच्या दरम्यानचे, बहुधा दीड वर्षाच्या आसपासचे. आधी ते किरकिरे होते, भूक मंदावते, बारीक ताप येतो. पोट फुगलेले दिसते; हात लावला तर बरगड्यांखाली यकृत दगडासारखे घट्ट लागते आणि त्याची कड पानाच्या धारेसारखी तीक्ष्ण. मग डोळे पिवळे होतात, पोटात पाणी साचते आणि काही महिन्यांत सारे संपते. मुलींपेक्षा मुलगे जास्त, आणि एकाच घरात पाठोपाठ दोन-तीन मुले. आयुर्वेदाने उदररोगांत यकृद्दाल्युदर सांगितले आहे, त्यामुळे वाढलेले यकृत वैद्यांना नवे नव्हते. पण ठरावीक वयाच्या, ठरावीक घरांतल्या मुलांना वेचून नेणारा हा आजार मात्र कोड्यात टाकणारा होता. घरोघरी त्याची कारणे निराळी होती: दृष्ट लागली, दात येताना बाधले, आईचे दूध जड पडले. मद्रासच्या जम्मींचे ‘लिव्हर क्युअर’ दूरदूरच्या गावांत पोचले. १९५५ मध्ये बाजारात आलेल्या ‘लिव्ह ५२’च्या गोळ्या आणि थेंब कित्येक घरांच्या कोनाड्यात दिसू लागले.

त्याच १९५५ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या यकृतरोग उपसमितीने या आजारावरचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. तोवर मद्रास, कलकत्ता, मुंबई, दिल्ली सगळीकडून अशा मुलांच्या नोंदी येत होत्या आणि त्यांत एक चमत्कारिक आकृती उमटत होती. आजार मुख्यतः हिंदू, मध्यमवर्गीय, खेड्यातल्या किंवा लहान गावांतल्या घरांत. मुसलमान आणि ख्रिस्ती मुलांत विरळा. अगदी गरिबांतही कमी. उपासमारीचा रोग असता तर उलटे व्हायला हवे होते. विशिष्ट जातींत आणि एकाच घरातल्या भावंडांत तो दिसतो म्हटल्यावर विचार सरळ रक्ताकडे वळला: आनुवंशिक दोष असावा. कोणी कावीळ आणणाऱ्या विषाणूकडे बोट दाखवले, कोणी कुपोषणाकडे. १९७१ मध्ये म्हैसूरच्या संशोधकांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषाकडे लक्ष वेधले. शेंगदाण्याच्या आमच्या मुलखात ते सहज पटण्याजोगे होते. जातीची यादी प्रत्येक अहवालात होती. जातीबरोबर भांडीही बदलतात, मुसलमान घरांत कल्हई केलेले तांबे आणि हिंदू घरांत पितळ असते, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही त्या यादीत कोणी लिहीत नव्हते.

याच काळात एक फाटा रोगप्रतिकारशक्तीकडे फुटला, आणि तो आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे. १९७० मध्ये ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात डॉ. रणजित कुमार चंद्रा यांचा निबंध आला. या मुलांच्या रक्तातले प्रतिकारशक्तीचे चित्र त्यांनी त्यात तपासले होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काम केलेले चंद्रा पुढे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला गेले आणि पोषण व प्रतिकारशक्ती या विषयात जगभर नावाजले गेले. यकृतापासून प्रतिकारशक्तीकडे आणि तिथून वृद्धांच्या आरोग्याकडे अशी त्यांच्या निबंधांची वाट गेली. इकडे १९७५ मध्ये नायक आणि रामलिंगस्वामी यांनी तोवरच्या ज्ञानाचा मोठा आढावा घेतला. सेन यांच्या निवेदनाला अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली यकृत कसे दिसते ते बारीकसारीक माहीत झाले होते. ते तसे का होते, ते नाही.

इथे आपल्याला थोडे मागे आणि दूर जावे लागेल. १९१२ मध्ये लंडनच्या किनियर विल्सन यांनी यकृत आणि मेंदू दोन्ही पोखरणारा एक आनुवंशिक आजार वर्णिला. पुढे कळले की त्यात शरीरात तांबे साचत जाते. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी त्यावर पेनिसिलामाइन हे औषध सुचवले. पेनिसिलिन घेणाऱ्यांच्या लघवीत हा पदार्थ त्यांना आढळला होता, आणि तांब्याला मिठी मारून बाहेर नेण्याचा त्याचा गुण त्यांनी हेरला. भारतीय मुलांच्या आजाराशी या दोघांचा काही संबंध नव्हता. तो जुळला १९७८ मध्ये. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या मंडळींनी भारतीय मुलांच्या यकृताच्या कापांवर ऑर्सिन हा रंग चढवला, तेव्हा पेशीपेशींत गडद तपकिरी कण दिसले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये मोजमाप आले. निरोगी मुलाच्या एक ग्रॅम कोरड्या यकृतात साधारण पन्नासेक मायक्रोग्रॅम तांबे असते; या मुलांत ते आठशेच्या पुढे, कित्येकदा हजारांत होते. निबंधाच्या लेखकांत स्टुअर्ट टॅनर होते, ॲबरडीनच्या रोवेट संस्थेतले धातूंचे जाणकार होते आणि एक मराठी नाव होते: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित.

तांबे सापडले, ते आले कोठून हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नव्हते. रास्ता पेठेतल्या केईएममध्ये आसपासच्या खेड्यांतून अशी मुले येत होती. डॉ. पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी टॅनर यांच्यासह मुलांच्या आयांना विचारायला सुरुवात केली. प्रश्न साधे होते. वरचे दूध कधी सुरू केले? गाईचे की म्हशीचे? ते कशात तापवता? तापवल्यावर कशात ठेवता? पातेले कसले, चरवी कसली, कल्हई केव्हा केली होती? शहाण्णव वर्षांत निबंधांनी मुलाची जात विचारली, आईचे वय विचारले, काविळीच्या साथी विचारल्या. भांडे कोणते हे प्रथमच विचारले जात होते. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर छापून आले. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी वरचे दूध फार लवकर सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले, साठवले जात होते. जातीचे कोडेही आता बरेचसे उलगडले. ज्या घरात गाय-म्हैस दुभती, भांडी घेण्याची ऐपत आणि मुलगा झाला म्हणून अंगावरच्या दुधाबरोबर वरचे दूध भरवण्याची हौस, त्याच घरात धोका. अतिगरिबाकडे वरचे दूध नव्हते, पितळही नव्हते.

१९८७ मध्ये भावे, पंडित आणि टॅनर यांनी आजारी मुले आणि त्यांच्याच वयाची, परिस्थितीची निरोगी मुले अशा जोड्या लावून पुन्हा तेच प्रश्न विचारले. उत्तर तेच आले. १९८९ मध्ये ओनील आणि टॅनर यांनी पितळेच्या भांड्यात दूध ठेवून प्रत्यक्ष पाहिले. दुधातले केसिन हे प्रथिन धातूतले तांबे ओढून घेते आणि घट्ट धरून ठेवते. त्या धरून ठेवण्यामुळेच दूध कळकल्यासारखे वाटत नसावे, असे मला आजीच्या चरवीकडे पाहताना वाटते. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाचे यकृत ते काम अजून शिकत असते, आणि जन्मतःच त्यात तांब्याचा साठा जास्त असतो. निसर्गाने आईच्या दुधात तांबे बेताचे ठेवले ते उगाच नाही. दुसरीकडे वॉल्श यांचे जुने औषध कामी आले. १९८७ मध्ये पुण्याच्या चाचण्यांतून दिसले की लवकर पेनिसिलामाइन सुरू केले तर पूर्वी हमखास दगावणारी काही मुले वाचतात. १९९६ मध्ये डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी अशा वाचलेल्या मुलांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्याआधी, १९९२ मध्ये, निबंधाच्या मथळ्यातच ‘प्रतिबंध’ हा शब्द आला होता. सल्ला एका वाक्याचा होता: बाळाचे दूध पितळेत ठेवू नका.

आता आपण पुन्हा बाजारात येऊ, कारण हा सल्ला पोचायच्या आत बाजाराने आपले काम बरेच उरकले होते. १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. मराठवाड्यात त्या धातूला आजही ‘जर्मन’ म्हणतात. १९१३ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद ओतले. (योगायोग असा की टॅनर पुढे त्याच शेफील्डमध्ये बालरोगाचे प्राध्यापक झाले.) स्टेनलेस स्टील आपल्याकडच्या घरांत खऱ्या अर्थाने शिरायला मात्र साठ वर्षे गेली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कित्येक घरांचे पितळ मोडीत गेले किंवा गहाण पडले, आणि दिवस पालटल्यावर त्या जागी स्टील आले. डोक्यावर टोपली घेतलेली बोहारीण जुन्या लुगड्यांवर स्टीलचे पातेले देऊन जाई. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सेलमच्या सरकारी कारखान्यातून स्टीलचे पत्रे निघू लागले, तसतशी ती भांडी आणखी आवाक्यात आली. कल्हईवाल्याची आरोळी विरळ होत गेली आणि नव्वदच्या दशकात रुग्णालयांतले ते दगडासारखे यकृतही विरळ होत गेले. बाळाच्या जिवासाठी म्हणून कोणी स्टील घेतले नव्हते. घासायला हलके, कल्हईचा खर्च नाही, म्हणून घेतले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात बोहारणीचे नाव कोणी लिहिलेले नाही. या आजाराच्या बाबतीत तरी ते लिहायला हरकत नसावी.

मग श्रेय निबंधाचे की बाजाराचे? या शंकेला एक साक्षीदार अगदी अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. १९९६ मध्ये थॉमस म्युलर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ भागाचा इतिहास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. १९०० ते १९७४ या काळात तिथली १३८ तान्ही मुले अशाच यकृतरोगाने गेली होती. तिथेही गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून बाळाला देत. ती भांडी गेली आणि आजार थांबला. मात्र त्याच भांड्यांतले दूध पिणारी सगळी मुले आजारी पडली नव्हती. घराणी तपासल्यावर त्यांना आनुवंशिक दुबळेपणाची खूण दिसली. म्हणजे रक्ताकडे बोट दाखवणारे जुने डॉक्टर पुरते चुकले नव्हते. भांडे आणि रक्त दोन्ही जुळावी लागत होती. आपल्याकडेही वाद मिटला असे नाही. २०१३ मध्ये नायक आणि चितळे यांनी आढावा घेताना तांबे हेच मूळ कारण, या मताबद्दलची आपली शंका कायम ठेवली. मला या वादात एक आश्वासन दिसते. ज्या निबंधावर चाळीस वर्षांनीही भांडता येते, त्याची मोजमापे कोणालाही पुन्हा घेता येतात: यकृत पुन्हा रंगवता येते, दूध पुन्हा चरवीत ठेवून पाहता येते, आईला पुन्हा विचारता येते.

असे ज्यांच्याबाबत करता आले नाही, त्या निबंधांची गोष्ट मागे सोडलेल्या फाट्यावर आहे. चंद्रा यांनी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की ९६ वृद्धांपैकी ज्यांना वर्षभर जीवनसत्त्वे व खनिजे दिली, त्यांचे संसर्गाने आजारी असण्याचे दिवस वर्षाला २३ होते, तर इतरांचे ४८. जगभरच्या वृद्धांसाठी ही मोठीच बातमी होती. २००१ मध्ये ‘न्यूट्रिशन’ या नियतकालिकात त्यांनी वृद्धांची स्मरणशक्तीही अशा गोळ्यांनी सुधारते असे मांडले. त्या निबंधातली आकडेवारी जाणकारांना जुळेना, मूळ नोंदी समोर येईनात. २००५ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. कॅनडाच्या सरकारी वाहिनीने त्यांच्यावर कार्यक्रम केला, त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि २०१५ मध्ये ते तो हरले. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांचा १९८९ चा बाळांच्या आहारावरचा निबंध मागे घेतला, तर २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो ९६ वृद्धांचा. निबंधांच्या यादीची लांबी किंवा नियतकालिकाचे मोठेपण यातले काहीच त्यांना वाचवू शकले नाही. मराठीत याला काय म्हणतात ते मघाशीच आपण पाहिले. फरक इतकाच की ज्ञानाच्या व्यवहारात पितळ उघडे पडणे हीच राखण असते, आणि दुधाच्या भांड्यात तोच धोका.

आता आपण आजच्या औशात पोचतो. लातूरच्या गंजगोलाईत, औशाच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात तांब्या-पितळेची लाट पुन्हा आली आहे. तांब्याच्या पाण्याच्या बाटल्या भेट म्हणून दिल्या जातात, पितळी ताट-वाटी ‘आरोग्यदायी’ म्हणून मांडली जाते. तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात हे खरे आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि निरोगी मोठ्या माणसाला साध्या पाण्याची भीती नाही. पण लिंबू-सरबत, ताक, दूध आणि तान्हे मूल यांच्याबाबतचा जुना नियम या नव्या खोक्यांवर छापलेला मला दिसला नाही. नियम माहीत असलेल्या आज्या गेल्या. नियम शोधून काढणारे निबंध इंग्रजीत, ग्रंथालयात आहेत. ज्या आजाराने ते लिहायला लावले तो आजारच उरला नसल्याने ते वाचण्याची गरज कोणाला भासत नाही.

गेल्या महिन्यात भाचीच्या मुलाचे बारसे होते. तिने फोटोत पाहिलेली ती चरवी मागितली: ‘मामा, आजीकडची जुनी पितळी चरवी द्या ना, बाळाचे दूध ठेवायला किती छान दिसेल.’ मी नाही म्हटले नाही. लातूरहून एक कल्हईवाला शोधून आणला. त्याने चरवी आतून चांदीसारखी केली आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा लागेल असे बजावले. मग ती भांड्यांच्या दुकानात नेली. नाव घालायचे यंत्र आता विजेवर चालते, पण अक्षरे अजून ठिपक्यांचीच उमटतात. दुकानदाराने विचारले, ‘काय नाव घालू, काका?’ १९५१ च्या शेजारी बोटभर जागा मोकळी होती. मी त्याला दोन शब्द सांगितले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ते कोरले: ‘दुधाला नको.’